सातवीतली मुलगी गणित म्हटलं की गप्प बसते, सुरुवात कुठून करू?

सांगलीची_आई :

नमस्कार मंडळी. आम्ही विश्रामबागला राहतो, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत आणि मी घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते. मुलगी सातवीत, मराठी माध्यम पण सेमी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. बाकी विषयांत काही म्हणजे काही तक्रार नाही, निबंध छान लिहिते, चित्रं सुंदर काढते, बोलायला लागली तर थांबत नाही. पण गणिताची वही काढली की पोरगी गप्प. समास आखते, तारीख टाकते, पेन्सिलीला टोक काढते, परत एकदा टोक काढते, आणि मग त्या उदाहरणाकडं नुसती बघत बसते. मी म्हटलं सुरू कर की गं, तर खाली मान घालून म्हणते, मला गणित येतच नाही मम्मी, मी ढ आहे. हे ऐकलं की पोटात कालवतं.

सहावीला क्लास लावला. तिथं एका बॅचला चाळीसेक मुलं, शाळेच्या एक धडा पुढं चालतात, सर फळ्यावर सोडवतात आणि मुलं उतरवून घेतात. वही बघितली तर एक नंबर, सगळी उदाहरणं बरोबर, अक्षर सुबक. आणि घटक चाचणीला पेपर अर्धा कोरा, जे लिहिलंय ते पण मधेच सोडून दिलेलं. आता क्लासवाले म्हणतायत एक्स्ट्रा बॅच घ्या, शिवाय स्कॉलरशिपची तयारी आत्तापासूनच सुरू करा. मिस्टरांना वेगळंच टेन्शन, पुढच्या वर्षी आठवी, तिथं आता वार्षिक परीक्षा पास व्हावीच लागते, पूर्वीसारखं सरसकट वर घालत नाहीत.

संध्याकाळी सातनंतर मशीन बंद केलं की तासभर मी तिच्याजवळ बसू शकते. त्या तासात नेमकं काय करायचं हे कुणी सांगेल का? सराव करून घ्या, पॉझिटिव्ह बोला, हे सगळ्यांनी सांगून झालंय. ती सुरूच करत नाही तर सराव कशाचा करून घेऊ? कुणाच्या मुलाचं असं होतं आणि सुधारलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.


तासगाव_गुरुजी :

ताई, मी तासगाव तालुक्यात झेडपीच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवतो, अशी मुलं रोज समोर असतात. तुमच्या पोस्टमधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वही भरलेली आणि पेपर कोरा. आळशी असती तर वही पण कोरीच राहिली असती. पोरगी कष्ट करतेय, पण उतरवून घ्यायचे.

गणितात आजचा धडा मागच्या धड्यांवर उभा असतो. सातवीला परिमेय संख्यांची बेरीज आली की छेद समान करायला लसावि लागतो, लसावि काढायला पाढे आणि भागाकार लागतो, आणि नेमकं तिथंच तिसरी-चौथीतलं काहीतरी सुटलेलं असतं. पोरीला वाटतं मला सातवीचं गणित येत नाही, अडलेली असते ती चौथीच्या भागाकाराला, आणि हे तिला पण कळत नाही आणि चाळीस जणांत क्लासच्या सरांना कळायची शक्यता पण कमीच. ही बॅच आठवून बघा, मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा ही पोरं पहिलीत होती, दुसरी सगळी मोबाईलवर गेली आणि तिसरीचं पण बरंचसं वर्ष घरीच. हातच्याची वजाबाकी, स्थानिक किंमत, पाढे, भागाकाराची सुरुवात हे सगळं त्याच वर्षांत हाताखालून जातं. तिचा ह्यात काही दोष नाही आणि हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा, मुलांना ह्याचा फार आधार वाटतो.

आता तासाचं. पहिल्या दिवशी सातवीचं पुस्तक काढूच नका. कोऱ्या कागदावर थोडीच उदाहरणं लिहा, ४००३ मधून १५६७ वजा, एखादा तीन अंकी गुणिले दोन अंकी, ८१६ भागिले ८, १/२ अधिक १/४, १/३ मोठा की १/४ मोठा, ०.५ मोठा की ०.३५ मोठा. घड्याळ नको, परीक्षा हा शब्द नको. तिनं सोडवलं की लगेच बरोबर-चूक करू नका, एकेक घेऊन विचारा, हे कसं केलंस मला सांग. जी बरोबर आलीत ती पण विचारा हं, नाहीतर पोरांना सवय असते, मोठ्यांनी "कसं केलंस" विचारलं म्हणजे चुकलंच, आणि ती लगेच खोडरबर घेतात.

८१६ भागिले ८ मुद्दाम दिलंय. असर म्हणून मुलांना वाचन-गणित किती येतं ह्याची देशभर पाहणी होते, त्यात पण भागाकार तपासायला तीन अंकी भागिले एक अंकी हीच पातळी धरतात. बरीच मुलं ह्याचं उत्तर १२ लिहितात. आठ एके आठ, मग १ ला भाग जात नाही म्हणून ६ खाली घेतात, आठ दुणे सोळा, झालं. रीत सगळी पाठ आहे, फक्त मधला शून्य गेला. इथं "शून्य विसरलीस" म्हणून लाल पेन मारला तर उद्या परत विसरणार, कारण तो शून्य कशाचा हेच माहीत नाही. त्यापेक्षा खेळातल्या नोटा घ्या. ८१६ रुपये आठ जणांत वाटायचे. शंभराच्या आठ नोटा, प्रत्येकाला एक. दहाची नोट एकच, ती आठ जणांत वाटता येत नाही, म्हणजे दहाच्या नोटा प्रत्येकाला शून्य, हाच तो शून्य. मग ती दहाची नोट मोडायची, दहा आणि सहा सोळा रुपये सुटे, प्रत्येकाला दोन. एकशे दोन. आणि मग तिलाच विचारा, १२ आठे किती? ९६. मग आठशे सोळा रुपयांतले बाकीचे गेले कुठं? हे तिनं स्वतः पकडलं पाहिजे, तुम्ही गप बसायचं. गप बसणं अवघड जातं, पण आपलं उत्तर चुकलंय हे आपल्यालाच तपासता येतं हे ज्या दिवशी पोराला कळतं ना, तिथून भीती सुटायला लागते, कुणाच्या शाबासकीनं सुटत नाही.

कुठं अडतंय ते सापडलं की तिथूनच पुढं चालायचं, रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरे, तासभर ताणू नका. चारातली तीन उदाहरणं तिला जमतील आणि एकावर डोकं लावावं लागेल अशी बेतानं द्या. आणि "हुशार आहेस गं" असं मोघम नको, "शून्याची जागा आज तू कुणी न सांगता बरोबर भरलीस" असं नेमकं सांगा.

एक्स्ट्रा बॅचला सध्या नाही म्हणा. तीच गाडी अजून जोरात पळवून काय होणार. स्कॉलरशिपचं पण आधी पाया बसू दे मग बघा, नाही बसला तर त्या पुस्तकांनी अजून खच्ची होईल. शाळेतल्या गणिताच्या सरांना किंवा मॅडमना मात्र एकदा भेटा आणि एवढंच मागा की काही दिवस तिला अचानक फळ्यावर उभं करू नका, पाहिजे तर आदल्या दिवशी सांगा उद्या तुला हे उदाहरण घ्यायचंय म्हणून. बहुतेक शिक्षक ऐकतात.


वाळवा_ऊसवाला :

ताई, गुरुजींनी बरोबर सांगितलंय. माझा पोरगा आता आठवीत आहे, मागल्या वर्षी अपूर्णांकाला असाच अडून बसायचा. १/४ अधिक १/२ बरोबर २/६. वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. मॅडमनी दहादा सांगितलं छेद समान कर, तो करायचा पण, आणि दुसऱ्या दिवशी परत २/६.

एकदा रानात पाणी पाजायला गेलेलो, तो बरोबर होता. त्याला विचारलं, एकरात गुंठे किती? चाळीस, हे शेतकऱ्याच्या पोराला झोपेत पण माहीत असतं. पाव एकर म्हणजे? दहा गुंठे. अर्धा एकर? वीस. दोन्ही मिळून? तीस गुंठे, पाऊण एकर, पटकन बोलला, जरा पण अडला नाही. म्हटलं आता तुझ्या वहीतलं उत्तर बघू, २/६ एकर म्हणजे किती गुंठे? तिथंच वाळूत काडीनं मांडलं त्यानं, चाळीसचे सहा भाग केले, दोन घेतले, तेरा गुंठ्यांच्या थोडं वर आलं. मी काहीच बोललो नाही, तोच म्हणाला पप्पा असं कसं, नुसता अर्धाच एकर वीस गुंठे होतोय की, त्यात पाव मिळवला आणि रान कमी झालं? मग म्हटलं छेद समान करायचा म्हणजे सगळं गुंठ्यात आणायचं, दुसरं काही नाही. दहा चाळीसांश आणि वीस चाळीसांश, तीस चाळीसांश. तेव्हापासून तो २/६ परत नाही आला.

मग क्षेत्रफळ पण तिथंच घेतलं. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. टेप धरून एक गुंठा आखला आम्ही चार खुंट्या मारून. तोपर्यंत त्याला चौरस फूट म्हणजे नुसतं उत्तराच्या पुढं लिहायचं एकक वाटायचं. एकर किती चौरस फूट ते त्यानंच घरी येऊन काढलं, १०८९ गुणिले ४०, ४३५६०, आणि आमच्या वडिलांना जाऊन सांगितलं, वडिलांना तो आकडा तोंडपाठ, त्यांनी मान डोलावली, पोरगं काय खूष.

आमच्या शेजारी पाव्हण्यांची द्राक्षबाग आहे, तिकडं चार किलोच्या पेटीला दर असतो, म्हणजे १८० रुपये पेटी तर किलो कितीला पडला, दोनशे पेट्यांचे किती, ही सगळी समप्रमाणाचीच उदाहरणं. तुमच्याकडं रान नसेल पण तुमचं शिलाईचं काम आहे की, त्यात मापं सोडून दुसरं काय असतं.


कराड_अभियंता :

वरचं सगळं ठीक आहे पण मला वाटतं मूळ दुखणं एकच, पाढे पाठ नाहीत. आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे) रोज संध्याकाळी दिवेलागणीला म्हणून घ्यायचे. त्यामुळं आमच्या पिढीला हिशोबाची भीती नव्हती. ताई, रोज सकाळी स्टॉपवॉच लावून पाढे म्हणून घ्या, महिन्याभरात फरक दिसेल. नोटा वगैरे खेळत बसायला सातवी म्हणजे उशीर झालेला असतो.


तासगाव_गुरुजी :

कराडकर साहेब, पाढे लागतात ह्यात दुमत नाही. सात आठे काढायला जिला बोटं मोजावी लागतात तिचं लसाविमधलं सगळं लक्ष तिथंच संपतं, पुढचं काही सुचत नाही. पावकी-निमकी पण फार मोलाची, पाव म्हणजे चौथा भाग हे तोंडात बसलेलं असलं की अपूर्णांक परका वाटत नाही. माझा विरोध आहे तो स्टॉपवॉचला. घाबरलेल्या मुलाचं अर्धं डोकं घड्याळात आणि "आता मी चुकणार" ह्यात गुंतलेलं असतं, त्यामुळं येणारा पाढा पण येत नाही, आणि मग आपल्याला येत नाही ह्याचा अजून एक पुरावा तिच्या हातात पडतो. वेग नंतर आपोआप येतो. आणि नोटांना उशीर कधीच होत नाही, आठवीतल्या पोरांना पण मी देतो, फक्त "लहान मुलांचं" असं म्हणून देत नाही.

ताई, पाढ्यांचं असं करा. एक ते दहाच्या पाढ्यांचा तक्ता तिच्याकडून आखून घ्या, शंभर चौकटी. मग तिच्यासमोर खोडत जायचं. एक, दोन, पाच, दहाचे पाढे तिला येतातच, खोडा. नऊचा दहाच्यावरून निघतो, नऊ सत्ते म्हणजे सत्तरातून सात गेले त्रेसष्ट, तो पण खोडा. आता सहा आठे आणि आठ सक एकच, म्हणून त्या जोड्यांतला एकेक खोडा. राहतात किती? तीन, चार, सहा, सात आणि आठ ह्यांचे आपसातले गुणाकार, मोजून १५. शंभर चौकटींचं ओझं घेऊन बसलेल्या मुलीला कळतं की आपल्याला फक्त १५ गोष्टी पाठ करायच्यात. त्यातल्या पण बऱ्याच येत असतात, खरी अडचण सहा सत्ते, सहा आठे, सात आठे असल्या चार-पाच जागीच असते. सात आठे विसरली तर सात साते एकोणपन्नास आणि वर सात, छप्पन्न, एवढा रस्ता माहीत असला की घाबरायचं कारण राहत नाही. तीसपर्यंतचे पाढे पुढं गोडीनं होतील.


शाहूनगर_सातारा :

मी साताऱ्याची, रयतच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाले. गुरुजींनी छान लिहिलंय, मी दोन-तीन गोष्टींची भर घालते.

ताई, घरात कुणी "आमच्या घराण्यात कुणालाच गणित येत नव्हतं" किंवा "मुलींना जरा जडच जातं" असं तिच्या कानावर पडेल असं बोलत असेल तर ते आधी बंद करा, आजी-आजोबा, पाहुणे, कुणीही असो. मुलं हे वाक्य घट्ट धरून ठेवतात. मी शिकवायचे तेव्हा पालकसभेला मुलासमोरच आई-वडील असं बोलायचे आणि मूल खुर्चीत अजून लहान होऊन बसायचं.

दुसरं खोडरबर. गणिताच्या वहीला खोडरबर लावायचाच नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, शेजारी परत करायचं. चुकलेलं दिसत राहिलं पाहिजे, कारण पुढच्या वेळी तिलाच कळतं मी नेहमी कुठं घसरते ते. सुबक वहीच्या नादात आपण हे घालवतो, आणि तुमच्या मुलीची वही तर तुम्हीच म्हणताय एक नंबर सुबक आहे. एक कच्ची वही वेगळी द्या तिला, तीस रुपयांची, जिला कुणी मार्क देणार नाही आणि कुणी अक्षर बघणार नाही.

आणि एक गंमत करून बघा तिच्याबरोबर. तिचं जन्मसाल २०१३ असेल ना? त्यातले अंक उतरत्या क्रमानं लावा, ३२१०. चढत्या क्रमानं, ०१२३. मोठ्यातून लहान वजा, ३०८७. आता ह्याचे अंक परत तसेच लावायचे, ८७३० वजा ०३७८, ८३५२. परत, ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता ६१७४ चे करा, ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! तिथून पुढं हलतच नाही. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येतेच. हे शोधलं आपल्या देवळालीच्या शाळेतल्या शिक्षकानं, द. रा. कापरेकर, १९०५ ते १९८६, आयुष्यभर शाळेत शिकवत शिकवत संख्यांवर काम केलं आणि आज जगभर ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

हे मी मुद्दाम अशा मुलांना द्यायचे, कारण ह्यात हातच्याच्या वजाबाकीचा भरपूर सराव होतो आणि तो सराव आहे हे जाणवत नाही. आणि वजाबाक्या चुकत गेल्या की ६१७४ लांबू शकतं किंवा येतच नाही, मग मूल स्वतःच मागं जाऊन शोधतं. मी वर्गात बसून बघितलंय, एरवी पाच वजाबाक्या द्या म्हटलं तर कुरकुर करणारी पोरं बाबांचा मोबाईल नंबर, गाडीचा नंबर, रोल नंबर जोडून, मिळेल ती चार अंकी संख्या घेऊन बसायची. तुमची मुलगी चित्रं काढते म्हणताय, तिला म्हणावं एकेका संख्येचा रस्ता बाणांनी काढ, वेगवेगळ्या संख्या एकाच ठिकाणी कशा येऊन मिळतात त्याचा मोठा कागद रंगवता येतो.


सांगलीची_आई :

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं मनापासून लिहिलंत. मी एकेक करून बघितलं, सांगते.

गुरुजींनी सांगितलेली उदाहरणं दिली. वजाबाकी बरोबर, गुणाकार बरोबर, १/३ मोठा हे पण बरोबर. ८१६ भागिले ८ बारा! तुम्ही लिहिलंय अगदी तसंच. आणि ०.३५ मोठा म्हणाली, का तर पस्तीस पाचपेक्षा मोठे. नोटा वाटल्यावर भागाकाराचं तिला कळलं, आता ६१२ भागिले ६, ९१८ भागिले ९ असलं स्वतःच काढून सोडवते आणि गुणून बघते. दशांशाला मी रुपये-पैसे घेतले, ०.५ म्हणजे पन्नास पैसे, ०.३५ म्हणजे पस्तीस पैसे, तिथं लगेच हसली.

ऊसवाले दादा, तुमचं वाचून शिलाईची टेप काढली. छाती ३४, ब्लाउजच्या कटिंगला चौथा भाग लागतो, किती? साडेआठ. ३३ असेल तर? सव्वाआठ, टेपवर बोट ठेवून सांगितलं तिनं. मग त्यात शिलाईचा एक इंच मिळव, अर्धा इंच कमी कर, असं चालू होतं. आता माझ्या गिऱ्हाइकांच्या मापांचे चौथे भाग तीच काढून वहीत लिहिते आणि मी त्यावर कापड कापते. पहिल्यांदा मी तिच्या आकड्यावर कात्री चालवली तेव्हा ती श्वास रोखून बघत होती. जमलं बरोबर.

अजून एक गोष्ट लक्षात आली. शाब्दिक उदाहरण इंग्रजीत वाचलं की ती अडते, मी त्यातलं तेच मराठीत सांगितलं की रीत सुचते. म्हणजे काही वेळा गणित अडत नाहीये, वाचणंच अडतंय. ह्यावर काय करू? आणि दुसरं, आता वजाच्या संख्यांना गोंधळ आहे. −३ −४ चं उत्तर ती +७ लिहिते, म्हणते दोन वजा आले की अधिक होतं असं क्लासमध्ये सांगितलंय. मला पण नीट समजावता येईना.


तासगाव_गुरुजी :

ताई, फार छान. कात्रीचं वाचून माझ्या वर्गात पण सांगितलं मी.

सेमीच्या बऱ्याच मुलांचं तुम्ही म्हणताय तसंच असतं. बालभारतीची दोन्ही माध्यमांची पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर फुकट पीडीएफमध्ये मिळतात, धडे तेच, उदाहरणं तीच. मराठीचं पण डाउनलोड करून ठेवा. शाब्दिक उदाहरण आधी इंग्रजीत वाचू दे, मग मराठीत, मग पुस्तक बंद करून स्वतःच्या शब्दांत सांगू दे की दिलंय काय आणि विचारलंय काय. आकडेमोड नंतर. पुस्तकात क्यूआर कोड असतात त्यातून दीक्षा ह्या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ पण दिसतात, पण व्हिडिओ शेवटी, आधी तिनं झटापट करायची.

आता −३ −४. "दोन वजा म्हणजे अधिक" हा नियम गुणाकार-भागाकाराचा आहे, −३ गुणिले −४ असेल तर +१२. शिवाय वजा संख्या वजा करायची असेल तिथं लागतो, ५ − (−२) म्हणजे ७. इथं तसलं काहीच नाही, नुसती दोन वजा चिन्हं एका ओळीत दिसली म्हणून मुलं नियम लावतात. तिला विचारा, दुकानात तीन रुपये उधारी आहे, अजून चार रुपयांची उधारी केली, आता उधारी मिटून वर सात रुपये हातात आले का? उधारी सात झाली, −७. मग तुमची टेप परत घ्या, म्हणजे टेपसारखी आडवी रेघ जमिनीवर खडूनं आखा, मधे शून्य, उजवीकडं १, २, ३, डावीकडं −१, −२, −३, दोन्ही बाजूंना दहापर्यंत. तिला −३ वर उभं करा, वजा चार म्हणजे डावीकडं चार पावलं, कुठं पोचलीस? मग −३ +४, उजवीकडं चार, १ वर. ४ − ७, २ − ९, −५ + ५, अशी चालून चालून करू दे, आधी अंदाज सांगायचा की शून्याच्या कुठल्या बाजूला उतरणार आणि मगच पाऊल टाकायचं.

ते बिनचूक यायला लागलं की मगच गुणाकाराकडं. तो पण नियम म्हणून नको, ओळीनं लिहायला लावा, ३ गुणिले −२ म्हणजे −६, २ गुणिले −२ म्हणजे −४, १ गुणिले −२ म्हणजे −२, ० गुणिले −२ म्हणजे ०. उत्तर दर वेळी दोननं वाढत चाललंय. आता −१ गुणिले −२ किती यायला पाहिजे? तिला सांगू दे. ती "दोन" म्हणाली की पुढं −२ गुणिले −२ तीच लिहील, आणि क्लासमध्ये सांगितलेला नियम कुठला आणि कुठं लावायचा हे तिला त्या ओळींतूनच दिसेल. बैजिक राशींचा धडा हे झाल्यावर काढा, तोवर शाळेत तो सुरू झाला असेल तर होऊ दे, रेघ पुसू नका फक्त.


वाळवा_ऊसवाला :

गुरुजी, ते ओळीनं लिहायचं आमच्या आठवीच्या पोराला आज करायला लावलं. −१ गुणिले −२ ला थांबला, बोटानं वरची सगळी उत्तरं मोजली आणि म्हणाला दोनच यायला पाहिजे, दुसरं काही बसतच नाही. ताई, मुलीचं ६१७४ चं चित्र झालं असेल तर फोटो टाका, आमच्याकडं पण रंग काढून बसलेत.